बॉनेट गरम आहे

मुलगा सोळाचा झाला, लायसन आलं, आणि आता घरात रोज रात्री जेवताना गाडी हा एकच विषय असतो. नवीन नको, सेकंडहँड चालेल, असं तो आमच्यावर उपकार केल्यासारखं म्हणतो. गेल्या शनिवारी मी म्हटलं, गाडीचं बघू नंतर, आधी माझ्याबरोबर एक पिक्चर बघ, सेकंडहँड गाड्यांचाच आहे. त्याने विचारलं कधीचा, मी म्हटलं १९८०, तो "गुड नाइट बाबा" म्हणून जिना चढून गेला. बायको बसली. तिला पिक्चर बघायचा होता असं नाही, सोफ्यावरून उठायचा कंटाळा आला होता.

पाच मिनिटं झाल्यावर तिने विचारलं, "यात हिरो कोण आहे?"

"तो काय, गाडीत आडवा पडून मीटर मागे फिरवतोय तो."

"आणि व्हिलन?"

"रस्त्यापलीकडे ज्याचं दुकान आहे तो म्हातारा."

"तो काय करतो?"

"तोही असलेच धंदे करतो."

"मग फरक काय?"

मी म्हटलं बघ ना, कळेल. खरं तर तेव्हा मला काही सुचलं नाही.

पिक्चरचं नाव 'युज्ड कार्स'. रॉबर्ट झेमेकिसचा, लिहिलाय त्याने आणि बॉब गेलने, आणि याच जोडीने पाच वर्षांनी 'बॅक टू द फ्युचर' केला म्हटल्यावर लोकांचे कान टवकारतात, तोपर्यंत कोणाला या पिक्चरचं नाव माहीत नसतं. स्पीलबर्ग आणि जॉन मिलियस एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर होते, तरी थेटरात फारसा चालला नाही. हिरो कर्ट रसेल, जो तोपर्यंत डिस्नेच्या पिक्चरांतला गोडगोड पोरगा म्हणून माहीत होता आणि आदल्याच वर्षी टीव्हीवर एल्विस झाला होता, तो इथे भडक कपडे घालून गिऱ्हाईकं कापतो. त्याचं नाव रूडी रूसो. रस्त्याच्या एका बाजूला लूक नावाच्या भल्या म्हाताऱ्याचं पडीक सेकंडहँड गाड्यांचं दुकान, तिथे रूडी कामाला. समोर लूकचा भाऊ रॉय, त्याचं चकाचक दुकान. दोन्ही भाऊ एकाच नटाने केलेत, जॅक वॉर्डन, म्हणजे '१२ अँग्री मेन'मध्ये ज्याला मॅचला जायची घाई असते तो ज्युरर, तिथेही सेल्समनच होता तो. डबल रोल म्हटलं की आपल्याला मिशी आणि तीळ आठवतात, इथे तसलं काही नाही, चालण्या-बोलण्यावरून दोन माणसं वेगळी उभी राहतात, एक पिचकलेला आणि एक आतून सडका.

गोष्ट अशी की गावात फ्रीवे येणार, त्यात रॉयचं दुकान जाणार, म्हणून त्याला समोरची भावाची जागा पाहिजे. भावाचं हृदय कमजोर. मग तो काय करतो, गिऱ्हाईक म्हणून एक गाड्या ठोकणारा रेसिंगवाला ड्रायव्हर पाठवतो, तो लूकला शेजारी बसवून त्याचीच लाडकी जुनी गाडी अशी काही हाणतो की म्हातारा परत येऊन खुर्चीत बसतो आणि जातो. आता लूक मेला असं कळलं तर दुकान भावाला जाणार, म्हणून रूडी आणि मंडळी म्हाताऱ्याला एका एडसेल गाडीत बसवतात आणि मागच्या अंगणात गाडीसकट पुरतात, लोकांना सांगतात सुट्टीवर गेलाय. एडसेल म्हणजे फोर्डने १९५७ साली भरपूर गाजावाजा करून आणलेली आणि दोन-अडीच वर्षांत गुंडाळलेली गाडी, अमेरिकेत फसलेल्या मालाला आजही तेच नाव देतात. नेमकी तीच गाडी पुरायला घेणं ही झेमेकिसची खोडी. बायको इथे पहिल्यांदा हसली, आणि मग हसल्याबद्दल तिला वाईट वाटलं.

हा पिक्चर मी पहिल्यांदा बघितला २००४ साली, ॲरिझोनात, आणि बघायचं कारण एवढंच की तो आमच्या शेजारच्या मेसा गावात शूट झालाय असं कोणीतरी सांगितलं होतं. मी टेंपीला शिकायला आलो होतो, मेसा तिथून लागूनच, एक गाव कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. तिथल्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना सेकंडहँड गाड्यांचे लॉट, वरती प्लास्टिकच्या तिकोनी पताका उन्हाने पांढऱ्या पडलेल्या, काचेवर मोठ्या आकड्यांत किमती. पिक्चरमधले लॉट बघून आम्ही तिघं रूममेट ओरडलोच, अरे हे तर अजून तसंच आहे. कारण त्यानंतर चोवीस वर्षं झाली होती तरी पताका त्याच होत्या की काय असं वाटत होतं.

लायब्ररीतून डीव्हीडी आणली तेव्हा माझी स्वतःची गाडी घेऊन बारा दिवस झाले होते. हे महत्त्वाचं आहे.

ती गाडी कशी घेतली ते सांगतो. ऑगस्ट महिना, बाहेर ४३ डिग्री, बसस्टॉपच्या लोखंडी बाकावर बसलात तर उठताना कातडी तिथेच राहील. इकॉनॉमिक्समध्ये पीएचडी करणारा एक रूममेट होता, आम्ही त्याला प्रोफेसर म्हणायचो, तो बरोबर आला. माझ्याकडे दोन पानं भरून लिस्ट होती, इंटरनेटवरून प्रिंट काढलेली, सेकंडहँड गाडी घेताना काय काय बघायचं. त्यात पहिलाच मुद्दा असा की पोचल्या पोचल्या बॉनेटला हात लावून बघा. गरम असेल तर समजा की विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधी इंजिन चालवून ठेवलंय, कारण थंड इंजिन सुरू करताना जे धूर, खडखड, आढेवेढे दिसतात ते गरम इंजिनात दिसत नाहीत. मी गेलो, हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मग शेजारच्या गाडीला लावला, तीही तापलेली. तिच्या शेजारची, तीही. ऑगस्टमध्ये फीनिक्सच्या आसपास दुपारी तीन वाजता कुठल्याही गाडीचं बॉनेट गरमच असतं हो, त्यावर अंडं तळता येतं! लिस्ट लिहिणारा बहुतेक थंड प्रदेशातला असावा. एक नंबरचा मुद्दा तिथेच बाद झाला.

सेल्समन मला पिक्चरमधल्यासारखा भेटला असता तर मी पळालो असतो. हा साठीचा शांत माणूस होता, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, आमच्याकडे रिटायर झालेले हेडमास्तर असतात तसा. तो गाडीबद्दल काही बोललाच नाही. मी ज्या गाडीपाशी थांबलो, १९९३ची जपानी सेदान, रंगाला ते शॅम्पेन म्हणतात, आपण मळका म्हणू, तिच्याकडे बघून तो म्हणाला, ही तुला मी सुचवणार नाही, तुझं बजेट बघता ती पलीकडची निळी बरी. झालं. त्याने नको म्हटली म्हणजे हीच चांगली असणार, निळी त्याला खपवायची असणार, असं माझ्या हुशार डोक्यात आलं. प्रोफेसरच्याही आलं, तो माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाला की हीच घे.

मीटरवर ८६ हजार मैल. किंमत २,८०० डॉलर. मी २,२०० म्हटलं, त्याने सुस्कारा टाकला आणि म्हणाला मॅनेजरला विचारून येतो. ऑफिसला मोठी काच होती. आत मॅनेजर नव्हता, कोणीच नव्हतं, कूलरचं एक यंत्र घरघरत होतं आणि वॉटर कूलर होता, हा गेला, कागदी कोनात पाणी घेतलं, प्यायला, बाहेर आमच्याकडे बघितलं, दुसरा कोन भरला, सावकाश प्यायला, कोन चुरगाळून टोपलीत टाकला आणि बाहेर येऊन म्हणाला, मॅनेजर भडकलाय, पण २,४५० ला सोडायला तयार आहे. मी हे सगळं काचेतून बघितलं होतं. बघितलं, आणि तरीही मला वाटलं की मी साडेतीनशे डॉलर वाचवले. माणूस किती कबूल करून फसतो याचा हिशोब मी अजून लावतोय.

रात्री पार्किंगमध्ये तिसऱ्या रूममेटने फ्रिजमधलं लिंबू आणून टायरखाली ठेवलं, गाडी पुढे घेतली, फच्च. फोटो काढला, घरी पाठवला. इंग्लिशमध्ये बिघडलेल्या गाडीला लेमन म्हणतात हे आम्हाला माहीत होतं, तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही.

तर बाराव्या दिवशी हा पिक्चर. आम्ही काय हसलो! रूडी मासे पकडायच्या गळाला नोट लावून समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून ओढतो. टोबी नावाचा कुत्रा आहे, त्याला ट्रेनिंगच दिलंय, टेस्ट ड्राइव्हवाल्याची गाडी हलली की तो मेल्यासारखा पडतो, मेकॅनिक कुत्र्याला उचलून रडायला लागतो, गिऱ्हाईकाचा चेहरा पांढराफटक, आणि त्या अपराधीपणात तो सही करून मोकळा. टीव्हीवर फुटबॉलची मॅच चालू असताना ही मंडळी प्रक्षेपणात घुसून आपली जाहिरात दाखवतात, पुढे तर खुद्द प्रेसिडेंट कार्टरच्या भाषणात घुसतात, आणि रॉयच्या दुकानातल्या गाड्या 'किंमत फार जास्त आहे' म्हणत गोळ्या घालून उडवतात. रूडीचा जोडीदार जेफ, पराकोटीचा अंधश्रद्धाळू, लाल गाडीला हात लावत नाही. मेसामधून जो फ्रीवे जातो त्याचं खरंखुरं नाव सुपरस्टिशन फ्रीवे आहे, जवळच्या सुपरस्टिशन डोंगरावरून पडलंय, त्यामुळे आम्हाला जेफ दुप्पट आवडला. आणि मी दर दहा मिनिटांनी म्हणत होतो, काय जमाना होता रे, आता असलं काही चालत नाही, आता कायदे आहेत.

सात दिवसांनी त्याच सुपरस्टिशन फ्रीवेवर माझी गाडी वाफा सोडत उभी होती.

आता मागे वळून बघता चिन्हं पहिल्या सकाळपासून होती. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू केली की मागून निळसर धुराचा एक भपकारा यायचा, मी समजायचो थंडी असेल, ऑगस्टमध्ये. टो करून नेली, मेकॅनिकने सांगितलं इंजिनातलं हेड गॅस्केट गेलंय, ९०० डॉलर. मग त्याने मला ड्रायव्हरच्या सीटकडे बोलावलं आणि ब्रेकचं पेडल दाखवलं. पेडलवरचं रबर कोरं करकरीत, रेघा अजून धारदार. आणि सीटचं कापड बघ, म्हणाला, दाराच्या बाजूने फाटेपर्यंत झिजलंय, स्टिअरिंग बघ, हात ठेवायच्या जागी गुळगुळीत. ८६ हजार मैलांत पेडलचं रबर बदलायची वेळ येत नाही, कोणीतरी ते मुद्दाम नवीन घातलंय. मीटरचं काय ते तूच समज.

मीटर मागे फिरवणं अमेरिकेत १९७२पासून गुन्हा आहे, म्हणजे पिक्चरमध्ये रूडी जे करतो तेही तेव्हा बेकायदाच होतं. पण माझ्या गाडीच्या कागदावर मैलांच्या रकान्यात एक शब्द होता, एक्झेम्प्ट. दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीचे मैल लिहून देण्याची सक्ती विकणाऱ्यावर नव्हती तेव्हा, माझी अकरा वर्षांची. तो शब्द मी सही करताना वाचला होता आणि मला तो टॅक्सबद्दल वाटला होता! ॲरिझोनात सेकंडहँड गाडीला १५ दिवस किंवा ५०० मैल कायद्याचं संरक्षण असतं हेही मला कळलं, एकोणिसाव्या दिवशी. आणि काचेवर जो छापील कागद चिकटवलेला असतो, जो मी कौतुकाने सोलून आठवण म्हणून ठेवला होता, त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं की तोंडी आश्वासनं पाळायला लावणं कठीण असतं, सगळं लिहून मागा. पण हेडमास्तरांनी मला तोंडी तरी काय आश्वासन दिलं होतं? काही नाही. ते तर निळी घे म्हणत होते.

त्या रात्री प्रोफेसरने मला जॉर्ज अकरलॉफ समजावून सांगितला. १९७० सालचा पेपर, सेकंडहँड गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन लिहिलेला, आधी तीन जर्नलनी नाकारला आणि २००१मध्ये त्याच कामाला नोबेल मिळालं. म्हणणं साधं आहे: गाडी चांगली की लिंबू हे विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही. घेणारा मग अंदाजाने मधलीच काहीतरी किंमत देणार. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक म्हणतो मी नाही विकत, घरीच ठेवतो, आणि लिंबूवाला आनंदाने विकतो. असं होत होत बाजारात लिंबंच उरतात. मी विचारलं हे तुला आधीपासून माहीत होतं? हो, म्हणाला, पहिल्या वर्षाला असतो. मग त्या दिवशी का नाही बोललास? तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, अरे पण तो निळी घे म्हणत होता ना.

नोबेलवाल्या थिअरीवर एका वाक्यात मात. यावरून सेल्समनची किंमत करा.

त्या काचेवरच्या कागदाचीही एक गंमत आहे, ती मला बऱ्याच वर्षांनी कळली, आणि कळली तेव्हा पिक्चरचा एक धागा एकदम वेगळाच दिसायला लागला. रूडीला पॉलिटिक्समध्ये जायचंय, राज्याच्या सिनेटमध्ये. उमेदवारी पैसे चारून मिळते, त्याला १० हजार डॉलर कमी पडतायत, म्हणून तर तो गाड्या विकतोय. पहिल्यांदा बघताना हा नुसता टोमणा वाटतो, लबाड सेल्समन म्हणून पुढारी व्हायला लायक वगैरे, कोणीही करेल असा जोक. पण पिक्चर आला १९८०ला. १९८१मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे गिऱ्हाईकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी खात्याने, एक नियम आणला, त्यात असं होतं की डीलरला गाडीतले जे दोष माहीत आहेत ते त्याने काचेवरच्या कागदावर लिहायचे. डीलरांच्या संघटनेने जोर लावला आणि मे १९८२मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी मिळून तो नियम उडवून लावला. पुढे सुप्रीम कोर्टाने काँग्रेसला असं उडवता येत नाही असा निकाल दिला, तरी १९८४ला जो नियम शेवटी झाला त्यात माहीत असलेले दोष लिहायचं कलम नव्हतंच. म्हणजे आज माझ्या पोरासाठी गाडी बघायला गेलो तर काचेवर जो कागद असेल तो त्या वजाबाकीतून आलेला आहे. रूडी सिनेटमध्ये पोचला नाही असं आपण उगाच समजतो.

बरं, पिक्चर सगळाच चांगला आहे असं माझं म्हणणं नाही. पोराला बघ म्हटलं तरी तो वर गेला हे बरं झालं, कारण त्या चोरट्या जाहिरातींमध्ये बायकांचे कपडे फाडून केलेला जो विनोद आहे तो तेव्हाही भिकार असणार, आज तर बायकोशेजारी बसून मला फोन बघावा लागला. मधली वीस मिनिटं लूकची मुलगी येते, प्रेमप्रकरण होतं, ती ढकला. पण शेवट मात्र मी कितीही वेळा बघू शकतो. रॉय मुलीची जाहिरात कापून जोडून अशी करतो की आमच्याकडे एक मैल गाड्या आहेत असं ती म्हणाल्यासारखं वाटतं, केस होते, कोर्टात पोरगी ठामपणे सांगते की आहेत मैलभर गाड्या, आणि जज म्हणतो चला मोजू. दुकानात तेवढ्या गाड्या नाहीत. मग रूडी २५० खटारा गाड्या जमवतो आणि त्या चालवायला ड्रायव्हिंग शिकणारी शाळेतली पोरं आणतो, आणि तो सगळा लवाजमा वाळवंटातून धुरळा उडवत दुकानाकडे निघतो. मी २००४ला इंजिनिअर असल्यामुळे लगेच भागाकार केला होता, ५,२८० फुटांचा मैल भागिले २५०, एका गाडीला २१ फूट, म्हणजे त्या काळच्या बोटींएवढ्या अमेरिकन गाड्या धरल्या तरी मध्ये थोडी मोकळी जागा सोडावी लागते, नाहीतर दहाएक टक्के कमी पडतात. जजने मोकळी जागा धरली असावी.

तेवढ्या मोठ्या गाड्या का पडून होत्या तेही आता कळतं. १९७९मध्ये इराणच्या क्रांतीनंतर पेट्रोलचे वांधे, पंपांवर रांगा, आणि एप्रिल १९८०मध्ये बँकांचा प्राइम रेट, म्हणजे कर्जाचा पायाभूत व्याजदर, २० टक्के. आठ सिलिंडरची गाडी फुकट दिली तरी लोक दोनदा विचार करत असतील. अशा वेळी जो माणूस ती विकून दाखवतो तो लबाड असणारच, पण नुसता लबाड असून भागत नाही. रूडी खोटं बोलताना मजेत असतो, समोरच्यालाही त्या मजेत ओढतो, खोटं पकडलं गेलं तर हसतो आणि दुसरं काढतो. रॉय खोटं बोलताना सभ्य असतो. बायकोने विचारलेल्या प्रश्नाला पिक्चरकडे हेच उत्तर आहे बहुतेक, आणि मी ते तिला सांगितलंही. ती म्हणाली, "म्हणजे मजेत फसवलं तर चालतं?" मी म्हटलं तसं नाही. ती म्हणाली, "मग कसं?"

तेवढ्यात पडद्यावर २५० गाड्या धावत होत्या म्हणून उत्तर टळलं. पण माझं लक्ष उडालं होतं, कारण मला १४ नंबरचा पार्किंग स्लॉट आठवत होता.

९०० डॉलर घालून ती मळकी सेदान मी आणखी चार वर्षं चालवली. डिसेंबर २००८मध्ये मला ओहायोत नोकरी मिळाली, म्हणजे त्या काळात मिळाली हेच नशीब, आणि दहा दिवसांत गाडी विकून निघायचं होतं. गाडी तेव्हा ऑईल गाळत होती. फार नाही, रात्रीतून बशीएवढा डाग, पण रोज. माझ्या १४ नंबरच्या स्लॉटमध्ये एक मोठा काळा नकाशाच तयार झाला होता. मी मांजरांच्या टॉयलेटमध्ये घालतात ती माती आणली, डागावर पसरली, बुटाने रगडली, झाडून टाकली, डाग थोडा फिका झाला, गेला नाही. मग मी आदल्या रात्री गाडी शेजारच्या १६ नंबरमध्ये लावली, ते लोक सुट्टीला गेले होते, तिथलं काँक्रीट पांढरंशुभ्र. आणि खाली वर्तमानपत्र अंथरलं, ते सकाळी सहाला उठून काढून टाकलं.

दहा वाजता एक मुलगा येणार होता, तीन महिन्यांपूर्वी आलेला, माझ्यासारखाच शिकायला. साडेनऊला मी गाडी सुरू केली. निळा धूर येतो तो येऊन जाऊ दे म्हणून. दहा मिनिटं चालू ठेवली, बंद केली, पार्किंगमध्ये हात हलवून धूर पांगवला. हात हलवून! कोणी बघितलं असतं तर काय म्हणालं असतं कोणास ठाऊक.

मुलगा आला, एकटाच, बरोबर प्रोफेसर नाही. अंगात स्वेटर, हातात घड्या पडलेला प्रिंटआउट. नमस्कार झाला, तो गाडीपाशी गेला, आणि काही न बोलता बॉनेटवर पंजा ठेवला.

ॲरिझोनात डिसेंबरच्या सकाळी थंडी असते. शेजारच्या गाड्यांवर अजून दव होतं.

"गरम आहे," तो म्हणाला.

मी म्हटलं, "आत्ताच दूध आणायला गेलो होतो रे."

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं, शपथेवर सांगतो. ते आपोआप आलं, त्या 'रे'सकट, मोठा भाऊ बोलतो तसं. त्याने मान डोलावली, वाकून खाली बघितलं, काँक्रीट स्वच्छ. टेस्ट ड्राइव्ह घेतली, गाडी चांगली चालली, चालायचीच ती, गरम झाल्यावर. मैल १ लाख २० हजारच्या पुढे दाखवत होती, मी म्हटलं मीटरवर आहे ते हे आहे. म्हणजे खोटं नाही बोललो. त्याने पेडलकडे बघितलं नाही, आणि बघितलं असतं तरी काय, चार वर्षांत ते रबरही बऱ्यापैकी झिजलं होतं.

मी १,६०० सांगितले होते, तो १,३०० म्हणाला. मी म्हटलं, थांब, गाडीत रूममेटचेही पैसे आहेत, त्याला विचारून येतो. रूममेट केव्हाच सोडून गेले होते, घरात बॅगा आणि खोकी होती फक्त. मी किचनमध्ये गेलो, नळाखाली ग्लास धरला, भरला, पाणी प्यायलो. खिडकीतून बघितलं तर तो मुलगा १६ नंबरपाशी उभा होता, हात स्वेटरच्या खिशात, आणि सरळ खिडकीकडेच बघत होता. मी अर्धा ग्लास आणखी घेतला. मग बाहेर जाऊन सांगितलं, तो वैतागलाय, पण १,४५० ला हो म्हणतोय.

त्याने पैसे मोजून दिले, नोटा नवीन होत्या. चावी घेताना थँक यू दादा म्हणाला.

पिक्चर संपला, बायको म्हणाली, "एवढा हसायचास ना तू याला? आज हसला नाहीस फारसा." मी म्हटलं झोप आली. पोरासाठी आता गाडी बघणं सोपं आहे तसं, सतरा अक्षर-आकड्यांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, टाकला की गाडीची अर्धी कुंडली बाहेर येते, कधी ठोकली, कुठल्या राज्यात होती. उद्या एक बघायला जायचंय, घरगुती माणूस आहे, फोनवर फार गोड बोलला. मी त्याला मुद्दाम सकाळी आठची वेळ दिलीये, आणि तो म्हणाला दहाला या.

त्या मुलाचा मला फोन आला नाही. आला असेल तर ठाऊक नाही, गाडी विकल्यानंतर ओहायोला पोचेपर्यंतचा आठवडाभर मी ॲरिझोनाचे अनोळखी नंबर उचलत नव्हतो.